इंजिनची शीळ

जुलै २००५मधली गोष्ट. रायगड जिल्ह्यात पावसानं हाहाकार उडवला होता, मोबाइल मुके झाले होते. आम्ही दोघे हौशी रेडिओवाले औषधांची खोकी घेऊन जीपनं महाडकडे निघालो होतो. जीपमध्ये बोलण्या-ऐकण्याचा व्हीएचएफ संच बसवलेला. इंजिन सुरू झालं, की त्याच्या स्पीकरमधून बारीक शीळ यायची. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. इतके दिवस आम्ही तिची थट्टाच करत होतो. त्या संध्याकाळी पुढे गेलेल्या सहकाऱ्यानं कळवलं, 'साकव पाण्याखाली आहे, वरच्या रस्त्यानं या.' आम्हाला ऐकू आलं एवढंच : 'रस्त्यानं या.' आम्ही आपले सरळ गेलो! पाणी पाहून मागे फिरण्यात दोन तास गेले. मग प्रत्येक संदेशाला गाडी उतारावर थांबवायची, इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं. उतारावर अशासाठी, की आमचा स्टार्टर भरवशाचा नव्हता.

परतल्यावर जीप गॅरेजमध्ये नेली. वायरमन म्हणाला, 'प्लगच्या वायरी बदलू.' मी म्हटलं, 'दादा, डिझेल गाडी ही. हिला स्पार्क प्लग कुठला?' तोही हसला. पेट्रोल गाडी असती, तर त्याचं बरोबर होतं. हर्ट्झनं १८८७ साली प्रयोगशाळेत ठिणगी पाडूनच रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या. पेट्रोल इंजिनातला प्रत्येक प्लग मिनिटाला शेकडो वेळा तेच करतो. म्हणजे बॉनेटखाली एक छोटं प्रक्षेपण केंद्रच! त्याचा आवाज मात्र टकटक, तडतड असा असतो. त्यावर रोधक असलेले प्लग आणि वायरी हा उपाय.

शिळेचा उगम वेगळा. बॅटरी भरणारा अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो. त्यातले डायोड ती एका दिशेला वळवतात, पण थोडी लहर शिल्लक राहतेच. इंजिन जितकं जोरात फिरेल, तितका तिचा सूर चढा. बॅटरी ती बरीचशी शोषून घेते. उरलेली संचाच्या ध्वनीच्या भागात शिरली, की शीळ वाजू लागते. एफएम संच ठिणगीची तडतड बरीच गाळतो, पण या पाहुणीपुढे त्याचंही चालत नाही, कारण ती अँटेनातून येतच नाही, मागच्या दारानं येते.

हे ताडून बघणं सोपं आहे. मी इंजिन चालू ठेवून अँटेना काढली. शीळ कायम. (अँटेना काढल्यावर बोलण्याचं बटण मात्र दाबू नका, संच जळेल.) मग सीटवर दुसरी बॅटरी ठेवून संच तिला जोडला. शीळ गायब! चोर वीजपुरवठ्याच्या तारेतून येत होता, हे नक्की झालं.

आमच्या संचाला वीज सिगारेट लायटरमधून दिलेली होती. त्याच तारांवर वायपर, पंखा, दिवे, सगळ्यांचा संसार. दोन जाड तारा थेट मुख्य बॅटरीपासून ओढल्या. धन तारेत फ्यूज घातला आणि ऋण तारेतही. शीळ निम्म्यावर आली, पण गेली नाही.

मग वायरमनदादाच गाडीखाली सरकला आणि खालूनच ओरडला, 'साहेब, अर्थिंग बघा!' इंजिनपासून चासीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी गंजून लोंबत होती. दिवे, पंखा यांची सगळी वीज चासीतून परतते ती या पट्टीवरून. तो रस्ता बंद पडल्यावर विजेनं दुसरा शोधला : डॅशबोर्डची पकड, आमचा संच आणि त्याची ऋण तार. शीळ तिथून वाजत होती. ऋण तारेतला फ्यूज अशाच वेळेसाठी असतो. स्टार्टरचा प्रवाह त्या वाटेनं धावला, तर तार पेटू शकते. शिवाय आमचा स्टार्टर का कुरकुरत होता, तेही तेव्हाच उमगलं.

पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं चकाकवली, नवी पट्टी आवळली. इंजिन सुरू केलं. नुसती पावसासारखी हलकी सरसर. खात्रीसाठी मी पुण्यातल्या मित्राला हाक दिली, कारण आपल्या बोलण्यातली शीळ आपल्याला कधीच ऐकू येत नाही. तो म्हणाला, 'आज इंजिन बंद ठेवून बोलतोयस का?'