ब्रेक दाबणारा चोर

सायकलला ब्रेक नसेल तर काय होईल? धडपडाल ना! आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही ब्रेक असतो, बरं का!

या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. जंतू दिसले की त्या तुटून पडतात. पण लढाई थांबली नाही, तर आपल्याच निरोगी पेशींना इजा व्हायची. म्हणून हे ब्रेक. त्यातला एक, ‘पीडी-१’, जपानमध्ये क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला.

हॉजकिन लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचाच कर्करोग. तो ऐन तरुणपणीही होतो. त्याच्या पेशी मोठ्या लबाड! त्यांच्या अंगावर ‘पीडी-एल१’ नावाचा रेणू भरपूर असतो. पहारेकरी जवळ आला, की हा रेणू त्याचा ब्रेकच दाबतो. चोर समोर, पण हात उठत नाही!

मग शास्त्रज्ञांनी हा ब्रेक झाकणारं औषध तयार केलं. त्याचं नाव निवोलुमॅब. इतर उपचारांनंतरही रोग उलटलेल्या रुग्णांसाठी २०१६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

मात्र ब्रेक सुटलेले पहारेकरी कधी निरोगी अवयवांवरही धावून जातात. म्हणून डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. ब्रेक हवा, पण तो चोराच्या हाती नको!