डेटा सायन्स घ्यावें कीं कृत्रिम बुद्धिमत्ता?

इंजिनियरिंगची अगर शास्त्रशाखेची पहिली पदवी पदरांत पडली, कीं पुढें काय, हा प्रश्न आपल्या घरांतून पूर्वींहि निघत असे. हल्लीं मुलगा किंवा मुलगी दोन माहितीपत्रकें वडिलांपुढें ठेवते. एकावर ‘डेटा सायन्स’ असें नांव असतें, दुसऱ्यावर ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. परदेशीं जावयाचें तर घर तारण ठेवण्याचीहि पाळी येते. वडील, काका, आजोबा मिळून पैसा उभा करणार, तेव्हां त्यांचा सल्ला विचारला जाणें ओघानेंच आलें. आणि ज्या नांवाचा बोलबाला अधिक तें घे, असा सल्ला बहुधा दिला जातो. हा सल्ला मला घातक वाटतो.

बोलबाला किती काळ टिकतो, तें पहा. जॉन मॅकार्थी व त्यांचे सहकारी यांनीं १९५५ सालीं कृत्रिम बुद्धिमत्ता हें नांव योजिलें, आणि पुढच्या वर्षीं अमेरिकेंत डार्टमथ येथें त्या विषयाची परिषद भरली. १९७३ सालीं इंग्लंडांत लाइटहिल यांचा प्रतिकूल अहवाल निघतांच या विषयाचा तेथील राजाश्रय आटूं लागला. त्या पडत्या काळांत जेफ्री हिंटन हा तरुण एडिंबरो येथें हाच विषय धरून बसला होता. त्याची पहिली पदवी केंब्रिजची, आणि तीहि मानसशास्त्राची! डॉक्टरेट त्याला १९७८ सालीं मिळाली. पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळावयास २०२४ साल उजाडलें. उलट २०१२ सालीं ‘हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू’नें डेटा सायंटिस्टचा पेशा या शतकांतील सर्वांत आकर्षक म्हणून गौरविला, आणि तरुणांची त्या बाजूस रीघ लागली. दहा वर्षांनीं, २०२२ च्या नोव्हेंबरांत, चॅटजीपीटी अवतरलें, आणि रीघ दुसऱ्या दाराकडे वळली.

मग दोन विद्यांत भेद नाहींच काय? आहे. एखाद्या इस्पितळांत दहा वर्षांचीं रुग्णपत्रकें सांठलीं आहेत असें समजा. कोणते रोगी बरे होऊन पुन्हां परत येतात, गुण औषधानें आला कीं आपोआप, हातीं आलेला आकडा भरंवशाचा कीं योगायोगाचा, असें जो विचारील तो डेटा सायन्सचा मनुष्य. छातीचा क्ष-किरण फोटो पाहून फुप्फुसावरील डाग ओळखील असें यंत्र जो सिद्ध करील, तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एकाची धांव निर्णयाकडे, दुसऱ्याची निर्मितीकडे.

यांपैकीं पहिली विद्या आपणांस परकी नाहीं. महालनोबीस यांनीं १९३१ सालीं कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली आणि बंगालमधील तागाचें क्षेत्र नमुन्याच्या पाहणीवरून अजमाविलें. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पां. वा. सुखात्मे फर्ग्युसनमधून लंडनला गेले, आणि परत येऊन पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज शास्त्रशुद्ध रीतीनें काढण्याच्या कामीं त्यांनीं मोठी कामगिरी केली. पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्राचा विभाग हुजूरबाजार यांनीं १९५३ सालीं उभारला. या तिघांच्याहि पदवीपत्रावर ‘डेटा सायन्स’ हा शब्द नव्हता.

येथें संस्कृताभिमानी मंडळींस थोडें सांगावयाचें आहे. १९८५ सालीं रिक ब्रिग्ज यांनीं संस्कृत व्याकरणपद्धति व कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा संबंध दाखविणारा लेख लिहिला. तेव्हांपासून संगणकास संस्कृतच उत्तम, हें वाक्य घरोघर फिरत आहे. पाणिनीविषयीं माझा आदर कोणाहून उणा नाहीं. परंतु आजचें भाषायंत्र सूत्रें पाठ करून बोलत नाहीं. अफाट मजकूर चाळून, पुढें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा तें हिशेब करतें. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता घेतली, तरी संभाव्यतेचें गणित कांहीं चुकत नाहीं.

दोन्ही विद्यांचा पाया एकच असल्याची साक्ष परीक्षेंतहि मिळते. ‘गेट’ परीक्षेंत २०२४ पासून ‘डेटा सायन्स व आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ अशी एकच प्रश्नपत्रिका सुरू झाली. तिच्या अभ्यासक्रमांत संभाव्यता, संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कलन व प्रोग्रॅमिंग हे विषय आहेत. दोघांस वेगवेगळी वाट नाहीं. म्हणून माहितीपत्रकाचें मुखपृष्ठ बाजूस ठेवून आंतील विषयांची यादी पाहावी. यांतलें गणित सिद्धतेसह शिकवितात, कीं नुसतीं तयार साधनें चालवावयास शिकवितात? अखेरीस स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो काय? शिकविणारे स्वतः संशोधन करणारे आहेत, कीं तासापुरते येऊन जाणारे? साधनें चार-दोन वर्षांत जुनीं होतात. त्यांच्यासाठीं घर तारण ठेवूं नये. या कसोटीस दोन्ही पत्रकें उतरलीं नाहींत, तर नुसती संख्याशास्त्राची किंवा संगणकशास्त्राची एम्. एस्सी. मी निःशंकपणें अधिक पसंत करीन, मग शेजारीं कांहींहि म्हणोत.

दोन्ही उतरलीं, तर मुलाचा कल पाहावा. आकडा दिसला कीं “हा कोठून आला?” असें जी मुलगी विचारते, तिला डेटा सायन्स मानवेल. यंत्र उघडून पुन्हां जोडल्याखेरीज ज्याला चैन पडत नाहीं, त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता.

पैशाची गोष्ट मात्र कागदावर मांडावी. शैक्षणिक कर्जाचे हप्ते बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानें सुरू होतात, पण व्याज कर्ज उचलल्यापासून चढत राहतें. नोकरी वर्षभर लांबली तर हप्ता कोण भरील, आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणास काय उरेल, हें सही करण्यापूर्वीं, मुलास शेजारीं बसवून, सर्वांनीं मिळून ठरवावें.