सायकलचा हब : कंपनीचा की बाजारचा?
(इयत्ता ४ थी)



आमचे आण्णा रोज दोन वेळा सायकलवरून डेअरीला दूध घालतात. कॅरियरला दोन किटल्या असतात, एकेकीत २० लिटर दूध. एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडे जास्तच भरते. म्हणजे ४० लिटरचे वजन ४१ किलोच्या वर. शिवाय किटल्या आणि आण्णा. बहुतेक ओझे मागच्या चाकावर.

गेल्या महिन्यात ओढ्याच्या उतारावर मागचे चाक खाडकन वाजले आणि डुलायला लागले. आण्णांनी सायकल सावरली पण एक किटली कलंडली. दूध मातीत गेले. आई काही बोलली नाही. रात्री आम्ही पण गप्पच जेवलो.

सायकलवाल्या काकांनी चाक खोलले तर हबची कड फुटली होती. हब म्हणजे चाकाच्या मधला नळीसारखा भाग. आजोबा म्हणतात, "बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो ना, त्योच ह्यो." तुंब्यात लाकडी आरे ठोकतात आणि हबला तारा अडकवतात. हबच्या दोन्ही टोकांना चकत्या असतात, त्यांना भोके असतात. मी मोजली. आमच्या पुढच्या हबला ३२ आणि मागच्याला ४०. मागे ओझे जास्त, म्हणून तारा पण जास्त.

हबच्या आत दोन बाजूंना दोन कप बसवलेले असतात. कपात छर्रे, छर्ऱ्यांवर कोन आणि सगळ्यांच्या मधून एक्सल. एक्सल जागेवर राहतो, हब त्याच्याभोवती फिरतो आणि छर्रे मधे लोळतात. लोळतात म्हणून घासत नाहीत. काकांनी मला छर्रे पुसायला दिले होते. पुढचे २० निघाले, मागचे १८. मागचे कमी का? तर ते मोठे असतात. कोन फार आवळला तर चाक जड जाते, ढिला ठेवला तर डुगडुगते. ते काकांच्या बोटांनाच कळते, मला जमले नाही.

सायकल आजोबांची आहे. तिचा पहिला हब किती वर्षे चालला ते त्यांना पण आठवत नाही. त्याचे कप झिजले तेव्हा गेल्या वर्षी बाजारचा स्वस्त हब बसवला होता. तोच हा फुटलेला. आता कंपनीच्या हबला दुप्पट पैसे पडणार होते. आई म्हणाली, "पोरीच्या गणवेशाचं पैसं हाईत त्ये. इतकं महाग कशापायी?"

काकांनी दोन्ही हब समोर ठेवले. कंपनीच्या हबची चकती जाड होती, बाजारच्याची पातळ. तारा सारख्या ओढत असतात, त्यामुळे पातळ चकतीची भोके लांबट होतात, तार ढिली पडते आणि मग कड फुटते. मग काकांनी दोन्ही कोनांवर कानस फिरवली. कंपनीच्या कोनावरून ती घसरली, ओरखडा उठला नाही. बाजारच्या कोनाचा कीस निघाला! मऊ लोखंडात छर्रे खड्डे पाडतात. आमच्या जुन्या कोनात असे खड्डे होते, नख अडकत होते.

बाजारचे सगळेच हब वाईट असतात असे नाही. काकांकडे एक जाड चकतीचा पण होता, पण त्याला भोके ३६. आमच्या रिमला ४०. तो फुकट दिला तरी बसला नसता. म्हणून भोके मोजून घ्यावीत. आणि नुसत्या खोक्यावरचे नाव बघू नये, हबवर कोरलेले बघावे.

घरी मी पाटीवर हिशोब केला. बाजारचा हब एक वाटा धरला, कंपनीचा दोन वाटे. हब बदलताना ४० तारा काढून पुन्हा चाक बांधावे लागते आणि आऊट काढावा लागतो. त्याची मजुरी दोन्हींना सारखीच, एक वाटा. कंपनीचा एकदा घेतला तर २ + १ = ३. बाजारचा एका वर्षाने पुन्हा घ्यावा लागला तर १ + १ + १ + १ = ४. आणि सांडलेले दूध मी धरलेच नाही. आईने पाटी दोनदा वाचली आणि डब्यातले पैसे काढून दिले. ताईला गणवेश दिवाळीनंतर मिळणार आहे. ती माझ्यावर रुसली आहे.

पुढचा हब पण खरखरत होता. तिथे मात्र बाजारचाच घेतला, ओझे कमी असते म्हणून. हे आजोबांनी सुचवले.

मी दोऱ्याने मागच्या चाकाचा घेर मोजला, सुमारे २२० सेंटिमीटर भरला. डेअरी ४ किलोमीटर आहे. म्हणजे जाताना हब १८०० पेक्षा जास्त वेळा फिरतो.

फुटलेला हब मी या फळ्याखाली टांगला आहे. लांबट झालेली भोके जरूर बघा. पण त्याला ग्रीस आहे, पांढऱ्या सदऱ्याला लावून घेऊ नका.