विश्लेषण : बँक बॅलन्स बघायचीच भीती का वाटते? पैशाशी बिघडलेलं नातं सुधारायचं कसं?

महिन्याची २५ तारीख. बँकेचं ॲप मोबाइलच्या पहिल्याच स्क्रीनवर आहे, पण बोट तिथे जात नाही. क्रेडिट कार्डाच्या बिलाचा मेसेज आला तर तो न उघडताच बाजूला सारला जातो. ‘पगार झाला की बघू’ असं म्हणून विषय संपतो. हे आळसामुळे होतं असं अनेकांना वाटतं. अभ्यासकांच्या मते याच्या मुळाशी भीती आणि लाज असते, आणि ही भीती पैसे कमी असण्याइतकीच महागात पडू शकते. ती नेमकी कुठून येते आणि तिच्यावर काय करता येतं, ते समजून घेऊ.

न बघण्याची सवय कुठून येते?

मांजर डोळे मिटून दूध पितं, असं आपण म्हणतो. अर्थशास्त्रात यालाच ‘शहामृग परिणाम’ म्हणतात. कार्लसन, लोवेनस्टीन आणि सेप्पी या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की, बाजार वर जात असताना गुंतवणूकदार आपलं खातं जास्त वेळा उघडतात आणि बाजार पडत असताना कमी वेळा. म्हणजे लक्ष देण्याची गरज वाढते, तेव्हाच आपण नजर फिरवतो.

याचं एक कारण डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. हजार रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा हजार रुपये गेल्याचं दुःख बरंच जास्त असतं. हे दुःख टाळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आकडाच न बघणं. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे त्यात लाजेची भर पडते. पगार किती, कर्ज किती, हे चारचौघांत बोलायचं नाही, हे लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. त्यामुळे खात्यातला आकडा आपण गुणपत्रिकेसारखा वाचतो. आकडा कमी म्हणजे आपणच कमी, असं वाटू लागतं.

काळजीचा निर्णयांवर परिणाम होतो का?

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. उसाचे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात. त्यामुळे तोडणीआधी ओढाताण आणि नंतर थोडी सैल परिस्थिती, हा अनुभव महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यालाही नवा नाही. या अभ्यासात त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीनंतर तर्काची कोडी दिली गेली. पैशांची चणचण असताना त्यांची कामगिरी खालावलेली दिसली. हा परिणाम नेमका किती मोठा, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण काळजी डोक्यात जागा अडवते, हे आपणही अनुभवतो. म्हणून ‘एवढं शिकूनही पैसे सांभाळता येत नाहीत’ असं स्वतःला बोल लावणं फारसं उपयोगाचं नाही.

ऑनलाइन पेमेंटने काय बदललं?

खिशातून पाचशेची नोट काढताना मनाला थोडं टोचतं. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी १९९८ मध्ये या टोचणीचा अभ्यास मांडला. नंतर, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआयटीतल्या एका प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली गेली. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली.

भारतात २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि चहापासून भाजीपर्यंत सगळं स्कॅनवर आलं. सोय मोठीच आहे, पण टोचणी कमी झाली. वीस, साठ, दीडशे असे खर्च जाणवतच नाहीत. महिनाअखेरीस मात्र सगळं एकदम जाणवतं आणि मग ॲप उघडायची भीती आणखी वाढते.

न बघण्याची किंमत किती?

एक साधं गणित करू. समजा, क्रेडिट कार्डावर ५० हजार रुपये थकले आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के आहे आणि नवीन खरेदी पूर्ण बंद आहे.

* पहिल्या महिन्याचं व्याज १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. एकूण २,०६५ रुपये.
* तुम्ही ‘किमान भरलं ना’ म्हणून २,५०० रुपये भरले, तर मूळ रकमेतून फक्त ४३५ रुपये कमी झाले.
* दर महिन्याला २,५०० भरत राहिलात, तर वर्षभरात ३० हजार भरूनही सुमारे ४३,४०० रुपये शिल्लक राहतात. पूर्ण फेडायला ४४ महिने लागतात आणि एकूण सुमारे १ लाख ८ हजार रुपये जातात.
* हेच महिना ५,००० भरले, तर १४ महिन्यांत कर्ज संपतं आणि एकूण सुमारे ६६ हजार रुपये जातात.

फरक तब्बल ४२ हजारांचा. बिल न उघडता किमान रक्कम भरणाऱ्याला हा फरक कधी दिसतच नाही.

भीतीची दुसरी बाजूही आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळून २६ हजारांखाली बंद झाला. जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५० हजारांचा टप्पा गाठला. प्रत्येक पडझडीनंतर बाजार इतक्या लवकर सावरेलच असं नाही. पण त्या दिवशी घाबरून विकणाऱ्यांचा तोटा कायमचा झाला. म्हणून कर्जाचा आकडा नियमित बघणं फायद्याचं, तर दीर्घ मुदतीची गुंतवणूक तासातासाला बघणं बहुतेकदा नुकसानीचं.

मग दृष्टिकोन बदलायचा कसा?

‘आजपासून टेन्शन घ्यायचं नाही’ असं ठरवून टेन्शन जात नाही. आधी सवय बदलावी लागते, भावना मागून येते. गाडीचा पेट्रोलचा काटा खाली आला म्हणून कुणी लाजत नाही, पंप शोधतो. बॅलन्सकडे तसं बघायला शिकायचं.

* आठवड्यातून एक ठरलेली वेळ : उदाहरणार्थ, रविवारी सकाळी चहासोबत दहा मिनिटं. पहिले दोन-तीन आठवडे फक्त आकडे बघायचे आणि लिहायचे. काहीही सुधारायचं नाही, स्वतःला रागवायचं नाही.
* एका कागदावर सगळी कर्जं : कुणाचं, किती, व्याज किती, हप्ता किती. सर्वाधिक व्याजाचं आधी फेडायचं. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळेल का, हे बँकेला विचारायचं.
* क्रेडिट अहवाल तपासा : प्रत्येक क्रेडिट ब्युरोला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.
* डब्यांची जुनी पद्धत : किराण्याचा डबा वेगळा, दुधाचे पैसे वेगळे, हे आपल्या आज्या करतच होत्या. पगार होताच खर्चाची ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात टाका आणि यूपीआय त्याच खात्याला जोडा. डबा रिकामा झाला की कळतं.
* बचत मूडवर सोडू नका : भिशी चालते, कारण तारीख ठरलेली असते आणि चार माणसं वाट बघत असतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाणारी आरडी किंवा एसआयपी तेच काम करते. रक्कम पाचशेची असली तरी चालेल.

घरच्यांशी कसं बोलायचं?

लपवलेलं कर्ज सगळ्यात जास्त वाढतं. बोलताना आकड्यापासून सुरुवात केली की वाद कमी होतो. ‘बाबा, कार्डाचे पन्नास हजार थकलेत. महिना पाच हजार भरले तर चौदा महिन्यांत संपतात. तोवर नवीन गाडीचं थांबवू या,’ असं सांगितलं की बोलणं दोष कुणाचा यावरून काय करायचं याकडे वळतं.

वसुलीचे फोन येत असतील तर?

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी किंवा नातेवाइकांसमोर बदनामी करण्यालाही मनाई आहे. असे प्रकार घडल्यास कॉलची नोंद ठेवून आधी त्या बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर मिळालं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

कर्जाच्या विचाराने झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर गणित नंतर. आधी कुणाशी तरी बोला. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.