पेरू का थांबू? – पत्त्यांच्या डावातले एक गणित

जूनचा तिसरा आठवडा होता. खामगावजवळच्या एका गावात शिक्षकांच्या बैठकीत संभाव्यतेवर बोलायला आम्ही गेलो होतो. आदल्या रात्री बऱ्यापैकी पाऊस झाला होता. एका शिक्षकांच्या घरी चहाला बसलो असताना त्यांच्या वडिलांनी विचारले, "सर, तुमचं गणित काय म्हणते? पेरू का थांबू?"

आम्ही लगेच कागद घेऊन सरासरी नफ्याचा हिशोब मांडला आणि "पेरा" असे उत्तर दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सरासरी येईपर्यंत आपण टिकलो पायजे ना? बियाणं वाया गेलं, तर दुसऱ्यांदा पैसा कुठून आणू?"

आमच्या हिशोबात हा प्रश्न नव्हता. गंमत अशी की, पत्त्यांच्या स्पर्धा खेळणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. म्हणून थोडी वाट वाकडी करून आधी पत्त्यांकडे जाऊ या.

डाव सोडावा की पैसे लावावेत?

पोकर हा पत्त्यांचा खेळ आपल्याकडच्या तीन पत्तीचा दूरचा भाऊबंद आहे. खेळणाऱ्यापुढे प्रत्येक वेळी मुख्यतः तीन वाटा असतात: डाव सोडून देणे, समोरच्याने लावली तेवढी रक्कम लावून टिकून राहणे, किंवा जवळचे सारे एकदम पुढे सारणे.

समजा, मध्ये ३०० रुपये जमले आहेत. समोरच्याने आणखी १०० लावले. आता आपण १०० लावले तर ४०० मिळण्याची शक्यता आहे. किती खात्री असली म्हणजे लावावेत? असा डाव पाच वेळा आला आणि त्यांपैकी एकदाच आपण जिंकलो, तर एकदा ४०० मिळतील आणि चार वेळा १०० जातील. हिशोब बरोबरीत सुटला. म्हणजे जिंकण्याची संभाव्यता एक पंचमांशाहून, अर्थात २० टक्क्यांहून, जास्त असेल तर लावणे फायद्याचे. कमी असेल तर डाव सोडणे शहाणपणाचे. पत्ते 'चांगले' आहेत की 'वाईट' एवढेच पाहून भागत नाही. किती लावून किती मिळणार, हेही पाहावे लागते.

या विचाराची सुरुवात जुगारातल्याच एका प्रश्नातून झाली. अर्धवट राहिलेल्या खेळातली रक्कम दोघांत कशी वाटावी, यावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रे लिहिली. अपेक्षित मूल्याची कल्पना त्या पत्रव्यवहारातून आकाराला आली. आम्ही गावात कागदावर मांडला तो हिशोब याच जातीचा होता.

दुप्पट सोंगट्या, पण दुप्पट किंमत नाही

स्पर्धेत मात्र गणित बदलते. तेथे प्रत्येकाला प्रवेशशुल्क भरून सारख्याच सोंगट्या मिळतात. त्या मध्येच मोडून पैसे घेता येत नाहीत. सोंगट्या संपल्या की खेळाडू बाद होतो आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्या थोड्यांनाच बक्षिसे मिळतात.

समजा, चार खेळाडू उरले आहेत. प्रत्येकाकडे १००० सोंगट्या आहेत. बक्षिसे तीन: ५०००, ३००० आणि २००० रुपये. चौघे सारखेच असल्याने प्रत्येकाच्या सोंगट्यांची किंमत आज २५०० रुपये धरता येईल.

आता आपण सारे काही पणाला लावले. हरलो तर चौथे, हाती शून्य. जिंकलो तर आपल्याकडे २००० सोंगट्या आणि उरलेल्या दोघांकडे प्रत्येकी १०००. पहिले येण्याची संभाव्यता सोंगट्यांच्या प्रमाणात असते असे मानू. मग आपण पहिले येण्याची संभाव्यता १/२. दुसरे कोणी पहिले आले, तर उरलेल्या दोघांत आपल्याकडे २००० आणि त्याच्याकडे १००० सोंगट्या. म्हणून दुसरे येण्याची संभाव्यता १/२ × २/३, म्हणजे १/३. तिसरे येण्याची उरलेली १/६.

किंमत काढू: २५०० + १००० + ३३३ = ३८३३ रुपये.

सोंगट्या दुप्पट झाल्या, पण किंमत २५०० वरून ५००० झाली नाही. ३८३३ च झाली. मग उरलेले पैसे कोठे गेले? ज्या दोघांनी काहीच केले नाही, त्यांच्या सोंगट्यांची किंमत प्रत्येकी २५०० वरून ३०८३ झाली! दोघांच्या भांडणात बघ्यांचा लाभ झाला. गमवायचे २५०० आणि जिंकलो तर ३८३३. म्हणजे जिंकण्याची खात्री ६५ टक्क्यांहून जास्त असेल, तरच सारे पणाला लावावे. साध्या डावात ५० टक्के पुरले असते. हे जास्तीचे १५ टक्के म्हणजे 'बाद होण्याची' किंमत.

एकच रक्कम सर्वांना सारखी मोलाची नसते, हा विचार डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली मांडला होता. मिळणाऱ्या रुपयाचे मोल घेणाऱ्याजवळ आधी किती आहे यावर ठरते, असे त्याने दाखवले.

पुन्हा शेतात

आता खामगावच्या शेतकऱ्याकडे येऊ. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. इथल्या कापसासाठी १८७० सालीच जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा सुरू झाला. परंतु बाजारपेठ कितीही मोठी असली, तरी आसपासची बरीच शेती आजही पावसावर अवलंबून आहे. पेरणीनंतर पावसाने ताण दिला की अंकुर करपतात आणि दुबार पेरणीची वेळ येते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी खाते देते तो यासाठीच.

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. बियाणे आणि पेरणीचा खर्च एकरी ६००० रुपये. आज पेरले आणि पाऊस टिकला, तर एकरी १४,००० रुपये निव्वळ मिळतील. थांबून नंतर पेरले, तर १०,०००. आज पेरलेले बुडाले, तर काय?

पहिल्या शेतकऱ्याजवळ दुबार पेरणीपुरते पैसे आहेत. त्याचे ६००० वाया जातील, पण नंतर पेरून १०,००० मिळतील. म्हणजे हाती ४०००. पाऊस टिकण्याची संभाव्यता ६० टक्के असली की त्याचा हिशोब बरोबरीत येतो: ०.६ × १४,००० + ०.४ × ४००० = १०,०००.

दुसऱ्या शेतकऱ्याजवळ दुसऱ्यांदा पेरायला पैसे नाहीत. पेरणी बुडाली की त्याचा हंगाम संपला. वर ६००० चा खड्डा. त्याला ८० टक्के खात्री हवी: ०.८ × १४,००० − ०.२ × ६००० = १०,०००.

समजा, त्या आठवड्यात पाऊस टिकण्याची संभाव्यता ७० टक्के आहे. मग पहिल्याने पेरावे आणि दुसऱ्याने थांबावे. ढग तेच, माती तीच, तरीही दोन उत्तरे, आणि दोन्ही बरोबर! थांबणारा शेतकरी भित्रा किंवा अडाणी नसतो. त्याच्या जागी बसून केलेला हिशोबच तसा येतो. आम्ही चुकलो ते इथेच. पहिल्याचे उत्तर आम्ही दुसऱ्याला दिले होते.

थांबण्याचीही किंमत असते

मग कायम थांबावे का? नाही. पोकरच्या स्पर्धेत प्रत्येक फेरीत काही सोंगट्या सक्तीने भराव्या लागतात आणि ही सक्तीची रक्कम वाढत जाते. नुसते डाव सोडत बसणारा हळूहळू झिजतो. म्हणून थोड्या सोंगट्या उरलेला चांगला खेळाडू, त्या पार संपण्याआधीच बऱ्यापैकी पत्त्यांवर सारे पुढे सारतो.

शेतात ही सक्तीची वसुली पंचांग करते. मूग-उडदाची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे गेली की उत्पन्न घटते. समजा, जुलै बराच पुढे गेला. आज पेरून साधले तर १०,०००, आणखी थांबले तर केवळ २०००. आता आपल्या दुसऱ्या शेतकऱ्याला ५० टक्के संभाव्यताही पुरते: ०.५ × १०,००० − ०.५ × ६००० = २०००. जूनमध्ये ७० टक्क्यांना 'थांबा' म्हणणाऱ्यानेच आता ७० टक्क्यांना 'पेरा' म्हणावे.

पण हे ७० टक्के आणायचे कोठून? महाभारतातल्या नलाच्या कथेत ऋतुपर्ण राजा रथातून विदर्भाकडे येताना बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे वरवर पाहूनच सांगतो आणि ती मोजल्यावर बरोबर निघतात. फाशांची विद्या त्यालाच येत असते, हे विशेष. थोडे पाहून सर्वांचा अंदाज बांधणे आणि डाव खेळणे यांचे नाते त्या कथाकाराला जाणवले होते. आपल्याला झाडाऐवजी पावसाच्या नोंदी पाहायच्या आहेत. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर गेल्या वीस वर्षांत किती वेळा पंधरा दिवसांची उघडीप आली, ते तालुक्याच्या नोंदींवरून मुलांना मोजता येईल. शाळेत पर्जन्यमापक असेल तर फारच उत्तम.

वर्गात करून पाहा

निम्म्या मुलांना प्रत्येकी १२ चिंचोके द्या आणि निम्म्यांना ३. प्रत्येक फेरीत ३ चिंचोके 'पेरायचे' आणि फासा टाकायचा. १ ते ४ पडल्यास ३ परत आणि वर २ मिळतील. ५ किंवा ६ पडल्यास पेरलेले गेले. तीनपेक्षा कमी उरले की बाद. हा खेळ सरासरीने खेळणाऱ्याच्या फायद्याचा आहे. तरीही ३ चिंचोकेवाल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पहिल्याच फेरीत बाद होतील, तर १२ वाल्यांपैकी एकही होणार नाही. दहा फेऱ्यांनंतर दोन्ही गटांची मोजणी फळ्यावर मांडा. मग 'थांबायची मुभा, पण थांबल्यास एक चिंचोका भरायचा' हा नियम घाला आणि मुले कधी थांबतात ते पाहा.

खेळ चिंचोक्यांचाच ठेवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे, हेही मुलांना जरूर सांगा. तीन चिंचोके घेऊन बसलेल्या मुलाला त्यामागचे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्या दिवशी निघताना आम्ही आमचे उत्तर मागे घेतले आणि "आणखी एक पाऊस पाहा," असे म्हणालो. ते हसून म्हणाले, "तेच ठरवलं होतं. पण गणित काय म्हणते, ते ऐकायचं होतं."