शेकोटीभोवतीचे गणगोत

उन्हाळ्याची सुटी लागताच आपल्या मुलांना आजोळची ओढ लागते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील कित्येक कुटुंबांना अशीच ओढ योसेमिटी खोऱ्यातील तंबूंची असते. वर्षभर दूरदूरच्या शहरांत विखुरलेले आजी-आजोबा, काका, मावश्या व भावंडे तेथे चार दिवस एका चुलीवर जेवतात.

या खोऱ्यात करी दांपत्याने १८९९ साली प्रवाशांसाठी तंबूंची वस्ती वसविली. तेथे पुढे अनेक वर्षे उन्हाळ्यात रात्री खालून आरोळी उठे आणि ग्लेशियर पॉइंटच्या उत्तुंग कड्यावरून धगधगते निखारे लोटले जात. तो अग्निप्रपात पाहावयास माणसांची रीघ लागे. परंतु त्या गर्दीच्या पायांखाली कुरणे तुडविली जाऊ लागली, म्हणून १९६८ साली ही प्रथा बंद करण्यात आली.

देखावा संपला, तरी कुटुंबे येतच राहिली. कारण त्यांची खरी परंपरा कड्यावर नव्हती, तंबूत होती. दोरी कशी ताणावी, हे थोरला धाकट्याला शिकवितो. अस्वलांच्या भयास्तव सारे खाद्यपदार्थ पोलादी पेटीत बंद करावे लागतात. ते काम विश्वासाने एखाद्या मुलावर सोपविले जाते. रात्री शेकोटीपाशी आजोबा त्या अग्निप्रपाताचे वर्णन करतात, आणि तो कधीही न पाहिलेली नातवंडे कड्याकडे टक लावून पाहतात.

येत्या सुटीत आपल्या घरातील धाकट्यावर आपण कोणते काम सोपविणार आहात?