खाडी, मुख आणि खुला समुद्र : मासेमारी नौकेच्या आकारमानाचा प्रश्न

मासेमारीसाठी नौका केवढी असावी, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. कोकणच्या बंदरांत त्याचे उत्तर बहुधा फुटांत दिले जाते : खाडीत वावरणाऱ्यास वीस फूट पुरेत, बाहेर जाणाऱ्यास चाळीस हवेत. या उत्तरामागे एक गृहीत दडलेले असते. पाणी जितके मोठे तितकी नौका मोठी असावी आणि नौका जितकी मोठी तितकी ती सुरक्षित, हे ते गृहीत होय. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. कारण कोकण किनाऱ्यावर खाडी आणि खुला समुद्र या दोहोंच्या मध्ये खाडीचे मुख हे तिसरे जलक्षेत्र असते, आणि खाडीत नांगरणाऱ्या प्रत्येक नौकेस ते दर फेरीत दोनदा ओलांडावे लागते. आकारमानाचा विचार या मुखापासून सुरू झाला पाहिजे. तो सर्वांत शेवटी तेथे पोहोचला, तर मालकाचे कर्ज आणि खलाशांचे प्राण ही दोन्ही पणास लागतात. प्रस्तुत लेखाचा हाच प्रतिपाद्य विषय आहे.

१. आकारमान म्हणजे केवळ लांबी नव्हे

नौकेच्या आकारमानात चार मापांचा समावेश होतो : लांबी, रुंदी, पाण्याखाली बुडणारी खोली म्हणजे डूब, आणि पाण्यावर उरणारी काठाची उंची. व्यवहारात लांबीचा उल्लेख सोयीचा म्हणून केला जातो. पण लांबीबरोबर इतर राशी समप्रमाणात वाढत नाहीत, हे विसरले जाते. एकाच घडणीच्या दोन नौका घेतल्या आणि दुसरीची लांबी पहिलीच्या दुप्पट मानली, तर तिचे पृष्ठफळ चौपट आणि घनफळ आठपट होते. म्हणजे फळ्या वा फायबर चौपट क्षेत्रास पुरवावे लागते, तर बर्फ, डिझेल, जाळी आणि मासळी यांस आठपट जागा मिळते. वाऱ्यामुळे नौकेस कलविणारा जोर लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर तिला पुन्हा सरळ करणारा जोर चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढतो. मोठी नौका खुल्या समुद्रात अधिक स्थिर वाटते याचे एक मुख्य कारण येथे सापडते. लहान होडीत एक माणूस काठाशी सरकला तरी ती कलते. मोठ्या मचव्यावर चार खलाशी एका बाजूने जाळे ओढत असले तरी कल फारसा जाणवत नाही.

वेगाच्या बाबतीत मात्र लांबीचा लाभ अपेक्षेहून कमी असतो. पाणी कापीत जाणाऱ्या जड नौकेच्या सोयीस्कर वेगाची वरची मर्यादा तिच्या जलरेषेवरील लांबीच्या वर्गमूळावर अवलंबून असते. मीटरांतील लांबीचे वर्गमूळ काढून त्यास सुमारे २.४ ने गुणले असता ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. ६ मीटरांच्या नौकेस ती सुमारे ५.९ नॉट, तर १२ मीटरांच्या नौकेस सुमारे ८.३ नॉट येते. लांबी दुप्पट झाली. वेग केवळ ४१ टक्क्यांनी वाढला. बंदरापासून ४० किलोमीटरांवरील क्षेत्र गाठावयाचे असल्यास दोन नौकांच्या एका वाटेच्या वेळेत सुमारे एक तासाचेच अंतर पडते. या मर्यादेपलीकडे वेग नेण्याचा प्रयत्न केल्यास नौका स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढू पाहते, आणि डिझेल मात्र भरमसाट जळते. फायबरच्या हलक्या होड्या बाहेर लावलेल्या यंत्राच्या जोरावर ही मर्यादा ओलांडतात हे खरे. परंतु मासळी आणि ओली जाळी भरल्यावर त्यांचाही हा गुण बराचसा लोपतो. सारांश, मोठ्या नौकेचा खरा लाभ वेगात नसून बाहेर राहण्याच्या क्षमतेत आहे. ज्यास दररोज सायंकाळी परतावयाचे आहे, त्यास त्या क्षमतेचा फारसा उपयोग नाही.

२. तीन प्रकारच्या लाटा

लाटेचा आवर्तकाल ठाऊक असला की खोल पाण्यातील तिची लांबी काढता येते. आवर्तकालाच्या सेकंदांचा वर्ग करून त्यास १.५६ ने गुणले असता ती मीटरांत मिळते. रुंद खाडीत वाऱ्याने उठणाऱ्या आखूड लाटेचा आवर्तकाल दोन सेकंदांच्या आसपास असतो. तिची लांबी सुमारे ६ मीटर. खुल्या समुद्रात पाच सेकंदांच्या लाटेची लांबी ३९ मीटर, आणि दुरून येणाऱ्या दहा सेकंदांच्या लाटेची १५६ मीटर होते. नौकेची लांबी आणि लाटेची लांबी एकमेकींच्या जवळपास असतील, तेव्हा नाळ वर-खाली आपटण्याचा त्रास अधिक होतो. दूरच्या लांबलचक लाटेवर लहान होडीही पाण्याबरोबर शांतपणे चढते व उतरते. म्हणूनच निवांत हवेत लहान होडी बरीच दूर गेलेली दिसते, आणि याच दृश्यावरून ती बाहेरच्या समुद्रास पुरेशी आहे असा समज होतो. वारा उठून आखूड लाटा सुरू झाल्या की तिच्या काठाची अपुरी उंची उघडी पडते.

मुखावरील लाट या दोहोंपेक्षा वेगळी असते. पाणी उथळ होत गेले की लाट उंच व उभी होते, आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीहून किंचित अधिक झाली की ती फुटते. १.२ मीटर उंचीची लाट सुमारे दीड मीटर पाण्यात फुटेल. ओहोटीचा प्रवाह समोरून येत असल्यास ती याहूनही आधी उभी राहते. मागून आलेली अशी लाट नौकेचा मागील भाग उचलते, सुकाणूचा ताबा सुटतो, आणि नौका लाटेस आडवी होते. येथे लहान नौकेची उथळ डूब तिला तळाशी आपटण्यापासून वाचवील; फुटणाऱ्या लाटेपासून वाचविणार नाही.

३. मुखाचे गणित

कोकणातील पुष्कळ खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा पट्टा साचतो. रत्नागिरीजवळ काजळी नदीच्या मुखाशी, भाट्ये येथे, याचे परिचित उदाहरण आहे. पावसाळ्यातील नदीचा लोट आणि समुद्राच्या लाटा या दोहोंच्या झटापटीत अशा पट्ट्यांचा आकार बदलतो, आणि हंगामाच्या आरंभी तांडेलास वाट नव्याने शोधावी लागते. त्यावरील पाण्याची खोली भरती-ओहोटीबरोबर बदलते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, असा तिचा पंधरवड्याचा फेरा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पट्ट्यावर मध्यम पातळीस १.८ मीटर पाणी आहे. उधाणात भरती-ओहोटीचे अंतर २.४ मीटर आणि भांगात १ मीटर आहे. म्हणजे उधाणात खोली ०.६ ते ३ मीटरांच्या दरम्यान, आणि भांगात १.३ ते २.३ मीटरांच्या दरम्यान राहील. एका नौकेची डूब १.२ मीटर आणि दुसरीची ०.५ मीटर आहे. लाटेच्या खळग्यात नौका खाली जाते म्हणून, आणि तळाशी थोडे अंतर राहावे म्हणून, दोघींसाठी १ मीटर पाणी अधिक धरले, तर पहिलीस २.२ मीटर आणि दुसरीस १.५ मीटर खोली लागेल. भरतीचा फेरा १२ तास २५ मिनिटांचा धरला असता हिशेब असा येतो : उधाणात पहिलीस प्रत्येक फेऱ्यात सुमारे ४ तास ५० मिनिटे, तर दुसरीस ७ तास १२ मिनिटे मुख मोकळे असते. भांगात दुसरीचा अवधी वाढून पावणेनऊ तासांवर जातो. पहिलीचा घटून अडीच तासांवर येतो.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिली नौका १२ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद आहे असे मानल्यास, नेहमीच्या भारापेक्षा सुमारे ३ टन वजन अधिक झाले की ती आणखी १० सेंटिमीटर बुडते. तिला आता २.३ मीटर पाणी लागेल. भांगाच्या भरतीचे सर्वोच्च पाणी तेवढेच आहे. म्हणजे ज्या दिवशी मासळी भरपूर मिळाली, त्याच दिवशी, अष्टमीच्या सुमारास, तिला स्वतःच्या बंदरात शिरावयास वाट उरत नाही. तिने बाहेर थांबावे, दुसरे बंदर गाठावे, की सायंकाळच्या वाऱ्यात पट्ट्यावरून जाण्याचा धोका पत्करावा? बर्फ वितळत असतो आणि लिलावाची वेळ टळत असते. अशा वेळी तांडेलाच्या निर्णयावर येणारा ताण नौका बांधतानाच निर्माण करून ठेवलेला असतो.

भरतीचे अंतर किनारभर सारखे नाही. मुंबईस उधाणात ते ४ मीटरांच्या आसपास असते. दक्षिणेस उतरत जाऊन गोव्याकडे ते २ मीटरांच्या आसपास येते. म्हणून उत्तरेकडील बंदरात सोयीची ठरलेली नौका देवगड-मालवणकडे तशीच बांधून घेणे योग्य ठरेलच असे नाही. उत्तरेस ओहोटीत नौका चिखलावर बसते खरी, पण भरती तिला भरपूर पाणी देते. दक्षिणेस ही उदारता कमी असते.

४. जाळे, यंत्र आणि डूब

नौकेचे आकारमान मासेमारीच्या पद्धतीपासून वेगळे काढता येत नाही. बोंबिलासाठी लावावयाच्या डोल जाळ्यात मासळी भरतीच्या आणि ओहोटीच्या प्रवाहाने येते. जाळे जागीच रोवलेले असते. नौकेस ते ओढावे लागत नाही. तेथे रुंद तळ, मोकळी जागा आणि माफक यंत्र पुरते. तरंगत्या गळजाळ्यांसाठी सातपाटीसारख्या बंदरांतून निघणाऱ्या नौकांस लांबलचक जाळी, बर्फ आणि खलाशी घेऊन बाहेर राहावे लागते. म्हणून तेथे घनफळाचे महत्त्व वाढते. ट्रॉल जाळे तळावरून ओढावयाचे असल्याने यंत्राची ओढ निर्णायक ठरते. सावकाश फिरणारा मोठ्या व्यासाचा पंखा ओढण्याच्या कामी अधिक कार्यक्षम असतो. पण त्यास मागील बाजूस खोल जागा लागते. अशा रीतीने जाळ्याची निवड पंख्याचा व्यास ठरविते, पंखा डूब ठरवितो, आणि डूब मुखाशी जाऊन अडते.

आकारमान पद्धतीबरोबर कसे बदलत जाते, याचे उदाहरण केरळ किनाऱ्यावर मिळते. १९५२ मध्ये झालेल्या करारानुसार निंडकरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. तेथे प्रारंभी २२ व २५ फुटी यांत्रिक नौका प्रचारात आणल्या गेल्या. पुढे कोळंबीसाठी ट्रॉल जाळे रुळले, तसा कल अधिक लांबीच्या नौकांकडे वळला. समुद्र तोच होता. काम बदलले होते.

५. दोन कामे, एक नौका

खाडीत आणि बाहेर दोन्हीकडे चालेल अशी एकच नौका घ्यावी, हा विचार अल्प भांडवलाच्या मच्छीमारास स्वाभाविकपणे आकर्षित करतो. पण खाडीस उथळ डूब, कमी वजन आणि वल्ह्याने वा बांबूने हाकता येण्याची सोय हवी, तर बाहेर काठाची उंची, वजन आणि साठ्याची जागा हवी. मधल्या मापाची नौका दोन्ही कामे करते. मात्र प्रत्येक कामात काही गमावते. खाडीत ती वळणास जड, आणि बाहेर मुक्कामास अपुरी पडते. हंगामाच्या दिवसांपैकी बहुतेक दिवस ज्या पाण्यात जाणार, त्या पाण्याच्या गरजांना प्राधान्य देऊन दुसऱ्या कामाची मर्यादा आरंभीच मान्य करणे, हेच अशा वेळी शहाणपणाचे ठरते.

किनाऱ्यावरील परंपरेने या पेचातून निराळी वाट काढलेली आहे. हर्णै येथे मोठ्या नौका उघड्या समुद्रात नांगरतात, आणि मासळी लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून किनाऱ्यावर आणली जाते. मोठी नौका मुख वा किनारा गाठण्याच्या खटाटोपातून मुक्त राहते. ते काम उथळ डुबीच्या होडीकडे जाते. या व्यवस्थेत मजुरीचा आणि वेळेचा खर्च आहे, शिवाय वादळात उघड्यावरील नांगराचा भरवसा नसतो. तरीही कामाची ही विभागणी तत्त्वतः योग्य आहे. दोन पाण्यांसाठी दोन नौका, हे उत्तर खर्चिक दिसले तरी सहकारी संस्थेच्या पातळीवर ते नेहमीच अशक्य नसते.

उपसंहार

या विवेचनातून निवडीचा एक क्रम हाती येतो. प्रथम भांगाच्या भरतीस मुखावर किती पाणी असते ते मोजावे. त्यातून लाटेसाठी आणि तळाशी राखावयाचे अंतर वजा करावे. उरते ती भरलेल्या नौकेची कमाल डूब होय. रिकाम्या नौकेची नव्हे. त्यानंतर जाळे आणि त्यास लागणारी ओढ पाहावी. मग समुद्रात किती काळ राहावयाचे, यावरून बर्फ, इंधन व मासळी यांचे घनफळ काढावे. लांबी ही या सर्वांच्या अखेरीस मिळणारी संख्या आहे. डूब वाढविणे शक्य नसेल, तर घनफळ रुंदीत शोधावे; तेही पुरेसे नसेल, तर बंदर बदलावे, किंवा फेरी लहान करावी.

संशोधनाच्या दृष्टीने यातील पहिले माप सर्वांत स्वस्त आहे. खुणा केलेला बांबू, घड्याळ आणि भरतीचे कोष्टक एवढ्या साहित्यावर एखाद्या खाडीच्या मुखाची खोली हंगामभर, दर पंधरवड्यास नोंदविता येते. तिच्या जोडीला पाण्याअभावी बाहेर थांबावे लागलेल्या फेऱ्यांची नोंद ठेवली, तर त्या बंदरास कोणती डूब परवडते हे अंकांत मांडता येईल. नौकेसाठी कर्ज घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही, फुटांची चर्चा करण्यापूर्वी हे अंक समोर ठेवावेत. जूनच्या आरंभी मासेमारी थांबते आणि नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात. त्याआधीच्या महिन्यांत हे काम हाती घेतल्यास नव्या नौकेचा पठाण घालण्यापूर्वी त्याचा उपयोग होऊ शकेल.